कुंपणावरचा मोगली एरंड

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ‘मोगलाई’ हा शब्द शिकवावा लागत नाही. वर्गात पोरं दंगा करायला लागली, की गुरुजी टेबलावर छडी आपटून विचारायचे, “इथं काय मोगलाई लागून गेली का?” बाजारात कुणी भाव चढवून सांगितला, रांगेत कुणी मध्येच घुसला, तरी हाच प्रश्न. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सरहद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखातले लोक या भागाला सरळ मोगलाईच म्हणत. म्हणजे ज्या मोगलाईच्या नावानं गुरुजी रागवायचे, त्याच मोगलाईत त्यांचे स्वतःचे आजे-पणजे जन्मले होते. वर्गातली सगळी पोरं हसायची. आम्ही तिघं मुसलमान पोरंही हसायचो.

या शब्दाचं एक भावंड आमच्या बांधावर उभं होतं. त्याचं नाव मोगली एरंड.

गावाकडच्या वाचकांना हे झाड वर्णन करून सांगायची गरज नाही. शहरातल्यांसाठी सांगतो. माणसाच्या डोक्याएवढं किंवा त्याहून थोडं उंच झुडूप. राखाडी, गुळगुळीत, चकाकणारी साल. पानं तळहाताएवढी, पण खऱ्या एरंडासारखी खोल कातरलेली नाहीत. फुलं इतकी बारीक आणि पिवळट-हिरवी, की मुद्दाम वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. फळं लिंबाहून लहान, झुपक्यानं लागणारी. आधी हिरवी, मग पिवळी, मग वाळून काळी पडणारी. एका फळात बहुधा तीन काळ्या बिया. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गळून जातात आणि नुसत्या काड्या उभ्या राहतात. तेव्हा झाड मेलं असं वाटतं. मिरगाचे दोन पाऊस पडले, की परत हिरवं.

गुरं त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून ते कुंपणाला. फांदी तोडा, जमिनीत खुपसा, विसरून जा. पाणी नको, खत नको, राखण नको. दोन-तीन वर्षांत दाट भिंत तयार होते. आमच्याकडे शेताचे बांध, उकिरड्याची कड, शाळेच्या मैदानाची एक बाजू आणि कब्रस्तानच्या तीन बाजू याच झाडानं धरून ठेवल्या होत्या. आम्हा पोरांचा त्याच्याशी संबंध बुडबुड्यांपुरता. पानाचा देठ मोडायचा, हलकेच वाकवायचा, चिरेत चिकाचा पातळ पडदा धरतो, त्यावर फुंकर मारायची. उन्हात इंद्रधनुष्याचे बुडबुडे उडायचे. तो चीक सदऱ्यावर पडला, की त्याचे तपकिरी डाग कशानं म्हणजे कशानं निघायचे नाहीत. दादी ओरडायची, “कित्ती बार बोली, वो मोगली को हात नक्को लगाव!”

दादीही ‘मोगली’च म्हणायची, हे इथं नोंदवून ठेवतो. तिला त्या नावात काही खटकत नव्हतं. तिच्या तरुणपणी घासलेट मिळायचं नाही तेव्हा या बियांची टरफलं फोडून, आतला गर काडीत एकामागे एक ओवून दिव्यासारखा जाळत. वरची बी जळत जळत खालच्या बीला पेटवते. धूर होतो, वास येतो, पण उजेड पडतो. दादी सांगायची, “तेरे अब्बा की छट्टी ऐसेच उजाले में हुई.” त्या उजेडामुळेच असेल, याच झाडाला दुसरं नाव आहे चंद्रज्योत. एकच झाड, एकाच बांधावर. हाक मारणारा बदलला की चंद्रज्योत, नाही तर मोगली.

आता गंमत अशी, की मोगलांचा या झाडाच्या जन्माशी काडीचा संबंध नाही. त्याची जन्मभूमी मेक्सिको आणि मध्य अमेरिका. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव जट्रोफा कर्कस. जट्रोफा ही एरंडाच्या कुळातली एक प्रजाती. तिच्यात साधारण पावणेदोनशे जाती मोजल्या जातात आणि त्यातल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. लिनियसनं १७५३ साली हे नाव छापलं तेव्हा ते दोन ग्रीक शब्दांवरून बेतलं होतं : एक वैद्य आणि दुसरा आहार. वैद्याचा आहार. जुन्या काळी बियांचा जुलाबासाठी आणि चिकाचा जखमांवर उपयोग करत, त्यावरून हे नाव.

झाड अटलांटिक ओलांडून इकडे आलं ते पोर्तुगीजांच्या गलबतांतून, असं मानलं जातं. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्द नावाची बेटं आहेत. तिथं पोर्तुगीजांनी ते मोठ्या प्रमाणावर वाढवलं. पुढे एकोणिसाव्या शतकात तिथल्या बिया लिस्बनला दिव्याच्या तेलासाठी आणि साबणासाठी जात. म्हणजे ज्या गरानं आमच्या दादीची खोली उजळली, त्याच गराच्या तेलावर एकेकाळी युरोपातले दिवेही जळत होते. आणि आपण त्याला म्हणतो मोगली.

पण त्याच अमेरिकेतून, त्याच दर्यावर्दी लोकांच्या हातून बाकी कोण कोण आलं ते बघा. मिरची आली. बटाटा आला, तो तर नावासकट पोर्तुगीज. अननस, काजू, पपई आली. पेरू आला, तरी त्याला कुणी परका म्हणत नाही. आणि आमच्या बीड जिल्ह्याचं भूषण, बालाघाटाच्या डोंगरात खडकातून उगवणारं सीताफळ! त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं मूळ घरही अमेरिकाच. एरंडाचाच एक चुलतभाऊ पाहा : ब्राझीलकडचा कसावा. त्याच्या कंदात कच्चेपणी विष असतं. ते काढून टाकून तमिळनाडूतल्या सेलमकडे त्याचा साबुदाणा होतो आणि तो आषाढीच्या उपवासाला आपल्या ताटात येतो. एका पाहुण्याला आपण सीतेचं नाव दिलं, एकाला उपवासाच्या ताटात बसवलं आणि एकाला मोगली म्हणून कुंपणावर उभं केलं.

मराठीनं वाईट हेतूनं केलं, असा आरोप मला करायचा नाही. बाहेरून आलेल्याला जवळचं एखादं विशेषण चिकटवणं ही भाषेची नेहमीची सोय आहे. विलायती चिंच खरं तर मेक्सिकोची, विलायतेचा तिच्याशी संबंध नाही. याच प्रजातीतल्या लालसर पानांच्या एका भावाला विलायती एरंड म्हणतात, तोही अमेरिकेचाच. लोकांना पत्ता नको असतो. ‘आपल्यातला नव्हे’ एवढी खूण पुरते. झाडाला त्यानं काही होत नाही. झाड वाचत नाही.

माणसाला मात्र होतं. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हापासून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता समोरच्याच्या तोंडावरून ते येणार हे कळतं. “तुम्ही मराठी फार छान बोलता हो!” बोलणारा चांगल्या मनानं बोलतो. त्याला कौतुकच करायचं असतं. मी हसून “थँक्यू” म्हणतो. पण माझ्या खोलीतला सोबती धारवाडकडचा होता, घरी कन्नड बोलायचा. त्याचं मराठी अडखळायचं, तरी त्याला कुणी असं म्हटलं नाही. त्याचं आडनाव कानाला ओळखीचं होतं. मग दुसरा प्रश्न येतो, “मूळचे कुठले?” मी गावाचं, तालुक्याचं नाव सांगतो. “नाही, पण मूळचे?” आता या ‘मूळचे’ला काय उत्तर द्यायचं? दादाचे दादा याच मातीत पुरले आहेत. त्याच्या मागचं आम्हाला ठाऊक नाही, तसं ते विचारणाऱ्यालाही त्याच्या घराण्याबद्दल ठाऊक नसतं. फरक इतकाच, की त्याला कुणी विचारत नाही.

मात्र झाडाच्या गोष्टीत एक वळण असं आलं, की सगळ्यांनी त्याचं जुनं नाव टाकून दिलं. ते वळण तेलाचं होतं.

या बियांत वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा तेल असतं. ते खाण्याजोगं नाही, पण त्याच्यावर प्रक्रिया करून डिझेलमध्ये मिसळता येतं. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनं जैवइंधनाचा अहवाल दिला आणि देशात एक कोटी हेक्टरांहून जास्त पडीक जमिनीवर जट्रोफा लावायचं स्वप्न मांडलं गेलं. रेल्वेच्या मोकळ्या जागांवर लागवडीचे करार झाले. राष्ट्रपती अब्दुल कलाम या झाडाबद्दल भरभरून बोलत. छत्तीसगडमध्ये तर घोषणा निघाली, की डिझेल आता आखातातून नव्हे, आपल्या परसातून येईल. २००९च्या जैवइंधन धोरणानं २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं. बांधावरच्या मोगलीला आता कुणी मोगली म्हणेना. तो जट्रोफा झाला. कृषी प्रदर्शनात त्याचे रंगीत फलक लागले. पेपरांत त्याला ‘हिरवं सोनं’ म्हणू लागले.

माझ्या धाकट्या चाचांचा मोठा मुलगा तेव्हा सौदीत ड्रायव्हर होता. दोन वर्षांनी एकदा यायचा. चाचांनी हिशेब मांडला : डिझेल जर आपल्याच रानातून निघणार असेल, तर पोरानं परमुलखात दुसऱ्याची डिझेलची गाडी कशाला हाकायची? त्यांची दोन एकर मुरमाड जमीन होती, जिच्यात बाजरीसुद्धा धड येत नव्हती. अब्बांनी विचारलं, विकत कोण घेणार? चाचा म्हणाले, “कंपनीवाले लिखके दे रहे भाई. और कलामसाब बोल रहे, तो मुल्क के भले काच रहेंगा ना.” एका कंपनीचे लोक गावात येऊन रोपं विकून गेले होते. बी तयार झालं की आम्हीच उचलू, असं छापील कागदावर लिहून देत होते.

रोपं जगली. हे झाड मरत नाहीच. पण जगणं वेगळं आणि पिकणं वेगळं, हे चाचांना तीन वर्षांनी कळलं, आणि देशालाही साधारण तेव्हाच कळलं. पडीक जमिनीत, पाण्यावाचून झाड हिरवं राहतं, पण बिया मोजक्याच धरतं. भरघोस फळं हवी असतील, तर त्यालाही इतर पिकांसारखं पाणी, खत, छाटणी लागते; मग पडीक जमिनीचा मुद्दाच उरत नाही. शिवाय हे रानातलं झाड. गहू-ज्वारीसारखं हजारो वर्षं निवडून, जोपासून घडवलेलं पीक नव्हे. एक झाड लगडतं, शेजारचं वांझ राहतं. फळं एकदम पिकत नाहीत. एकाच झुपक्यात काही हिरवी, काही पिवळी, काही वाळलेली. म्हणून तोडणीला पुन्हा पुन्हा माणूस लावावा लागतो. मजुरी बियांच्या किमतीहून जास्त होते. महाराष्ट्रातच नव्हे, आफ्रिकेतल्या अनेक देशांतही त्या दशकात हेच घडलं.

चाचांनी पहिल्या तोडणीची दोन पोती भरली. कागदावरचा फोन नंबर लागत नव्हता. पोती ओसरीत पडून राहिली, मग गोठ्यात गेली. पाचव्या वर्षी जेसीबी लावून झाडं उपटली. उपटायचा खर्च रोपांच्या खर्चाहून जास्त आला. चाचा आता त्या विषयावर बोलत नाहीत. २७ ऑगस्ट २०१८ला डेहराडूनहून दिल्लीला एक विमान जट्रोफाच्या तेलापासून केलेलं इंधन मिसळून उडालं, छत्तीसगडच्या शेतकऱ्यांच्या बियांवर. ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकली आणि म्हणाले, “उड्या होंगा.” सौदीतला मुलगा अजून सौदीतच आहे.

या काळात झाडाचं आणखी एक नुकसान झालं. कुंपणापुरतं असलेलं झाड सगळीकडे लागलं. शाळांच्या आवारात, रस्त्यांच्या कडेला, अंगणवाड्यांजवळ. आणि आपण दर एक-दोन वर्षांनी पेपरात तीच बातमी वाचतो : चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा. एरंडाच्या बीत जसं रिसिन, तसं या बीत कर्सिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याच्या जोडीला फॉर्बोल एस्टर नावाची जळजळ करणारी द्रव्यं. पण चवीला बी वाईट लागत नाही, शेंगदाण्यासारखी गोडसर लागते. म्हणून तर पोरं फसतात. एकानं फोडून खाल्ली, छान लागली, की तो दुसऱ्याला देतो. आमच्या गावच्या शाळेतली सात पोरं एका दुपारी अशीच आडवी झाली. घशात आग, मग उलट्या, मग जुलाब. त्यात माझ्या बहिणीचा मुलगा होता आणि पाटलांच्या घरची दोन पोरं होती. जीपमध्ये घालून तालुक्याला नेली, रात्रभर सलाईन लावलं. या विषावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. अंगातलं पाणी कमी होऊ न देणं हाच मुख्य इलाज. वेळेवर नेलं तर बहुतेक मुलं बरी होतात. आमची सातही झाली. त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात माझी बहीण आणि पाटलीणबाई एकाच चादरीवर बसून होत्या, आणि दोघीही त्या झाडाला एकाच सुरात शिव्या देत होत्या.

दुसऱ्या दिवशी गावात ठराव झाला, की मोगली मुळासकट काढून टाका. शाळेजवळचा काढला, ते योग्यच झालं. शाळेच्या आवारात हे झाड असू नयेच. तुमच्या शाळेत असेल तर आजच जाऊन सांगा. पण काही जण म्हणाले, गावातला सगळाच काढा, विषारी जात आहे. तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, कण्हेर पण काढायची का? धोतरा पण काढायचा का? तेही विषारीच आहेत, आणि ते तर देवाला वाहतो. मग ठराव शाळेपुरताच राहिला.

मी या झाडाबद्दल जमेल तसं वाचत गेलो, तेव्हा या सगळ्या गोष्टीला छेद देणारी एक माहिती मिळाली. जट्रोफा प्रजातीतलं एक झुडूप अस्सल आपलं आहे. जट्रोफा नाना. नाना म्हणजे लॅटिनमध्ये बुटकं. मराठीत त्याला किरकुंडी म्हणतात. पुण्याच्या आसपासच्या खडकाळ, उघड्या माळांवरचं हे लहानसं झुडूप. महाराष्ट्राबाहेर ते फारसं कुठे नाही. डॅल्झेल आणि गिब्सन या दोघांनी १८६१ साली ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला, त्यात त्याची नोंद केली. आज ते दुर्मीळ झाल्यामुळे धोक्यातल्या वनस्पतींत मोजलं जातं. ज्या माळांवर ते उगवायचं, त्यावर वसाहती झाल्या, खाणी निघाल्या. मी पुण्यात दहा वर्षं राहिलो. ‘मूळचे कुठले’ असं मला विचारणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडून किरकुंडीचं नाव ऐकलं नाही. मुळाची एवढी चौकशी करणाऱ्या शहराच्या वेशीवर खरोखरचं मूळचं झुडूप चुपचाप कमी होत गेलं. मूळचा आणि बाहेरचा हा हिशेब आपण मांडतो खरा, पण त्यातून मूळच्याची काळजीही घेतली जात नाही, हे तेव्हा लख्ख दिसलं.

आणि आता कब्रस्तानाची गोष्ट.

आमच्या कब्रस्तानला रस्त्याच्या बाजूनं जुना दगडी कठडा आहे. बाकी तीन बाजूंना मोगली एरंड. पूर्वेला लागून तात्यांचं शेत. तात्या म्हणजे अब्बांच्या वयाचे, दोघं चौथीपर्यंत एका वर्गात होते. तीन-चार वर्षांपूर्वी कब्रस्तानला संरक्षक भिंतीचा निधी मंजूर झाला. मोजणीवाले आले, त्यांनी फीत धरली, आणि नकाशाप्रमाणे पूर्वेची हद्द कुंपणाच्या पलीकडे, तात्यांच्या शेतात सात-आठ हात निघते असं सांगून गेले. मोजणी बरोबर होती की चूक, ते अजून ठरायचंच होतं. पण त्याच रात्री गावातल्या पोरांच्या मोबाईलवर ते फिरलं, आणि फिरता फिरता त्याचं रूप पालटलं. कब्रस्तानवाले शेतात घुसले. जमीन बळकावली. शेजारच्या दोन गावांतून विचारणा सुरू झाली, की येऊ का? आमच्या गल्लीतली पोरंही काही कमी नव्हती. तीही म्हणायला लागली, सरकारी मोजणी आहे, आपलं हक्काचं आहे, सोडायचं कशाला? त्या दोन रात्री अब्बा झोपले नाहीत. अम्मीनं कागदपत्रांची पेटी उशाशी घेतली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अब्बा आणि तात्या दोघंच कुंपणाजवळ जाऊन उभे राहिले. मग हळूहळू लोक जमले. सरपंच आले, पोरं आली. तात्यांनी हातातल्या काठीनं एका जाडजूड बुंध्यावर टकटक केलं. बुंधा मांडीएवढा होता. चंद्रज्योतीचं झाड पन्नास वर्षं सहज जगतं, आणि जुनं वठलं तर त्याच जागी नवी फांदी खोचली जाते. त्यामुळे रांग हलत नाही. तात्या म्हणाले, “ही चंद्रज्योत माझ्या बापानं अन् याच्या बापानं मिळून लावलीय. दुष्काळात गुरं कबरींवर जायची म्हणून. बहात्तर सालचा दुष्काळ. मी आणि हा, दोघं फांद्या वाहून आणत होतो. हिच्या अलीकडं माझं, पलीकडं त्यांचं. कागद काय म्हणतो ते कागदाला विचारा.”

अब्बांनी एवढंच सांगितलं, की आम्हाला कुंपणापलीकडची एक वीतही नको.

दोघांनी मिळून तसं लिहून दिलं. फेरमोजणीचा अर्ज झाला. भिंत रस्त्याकडच्या आणि ओढ्याकडच्या बाजूला झाली. पूर्वेला कुंपण तसंच ठेवलं. बाहेरगावाहून येणारे आले नाहीत. पोरांच्या मोबाईलवर दुसरा काही विषय सुरू झाला.

मी तेव्हा पुण्यात होतो. फोनवर सगळं ऐकलं. ऐकताना मला राहून राहून त्या बुंध्याचं नवल वाटत होतं. त्यानं डिझेल दिलं नाही. चाचांचा पोरगा परत आणला नाही. पण पन्नास वर्षं एका रेषेवर उभं राहणं हे जे त्याचं काम होतं, ते त्यानं केलं. आणि ती रेष दोन घरांनी मिळून आखली होती, म्हणून तिच्यावर दोघांचा विश्वास होता. आमच्या गावात सलोखा टिकला, तो कुणाच्या भाषणानं नव्हे. साठी-सत्तरीच्या दोन माणसांना फांद्या कुणी वाहिल्या ते आठवत होतं, म्हणून टिकला. ती आठवण असलेली माणसं आता गावोगाव कमी होत चालली आहेत, आणि मला भीती वाटते ती याची. उद्या अब्बा आणि तात्या नसतील, तेव्हा उरेल फक्त नकाशा आणि मोबाईल.

म्हणून यंदा शबे-बरातला गावी गेलो तेव्हा कब्रस्तानची साफसफाई करताना धाकट्या भावाला आणि तात्यांच्या नातवाला दोघांनाही बरोबर घेतलं. वाढलेल्या फांद्या छाटल्या. पूर्वेच्या बाजूला दोन ठिकाणी खिंडारं पडली होती, तिथं खुपसण्यासाठी हातभर लांबीच्या काड्या तोडून सावलीत ठेवल्या. चिकानं दोघांचेही शर्ट खराब झाले. तात्यांचा नातू सातवीत आहे. त्यानं विचारलं, “काका, या झाडाला नेमकं म्हणायचं काय? आबा चंद्रज्योत म्हणतात. तुम्ही मोगली म्हणता. गुगल जट्रोफा म्हणतं.”

मी म्हटलं, “तिन्ही बरोबर आहे. काहीही म्हण. फक्त बी तोंडात घालू नकोस, आणि काडी ज्या भोकात होती त्याच भोकात खोच.”